लक्षद्वीपची जमीन कोण बांधतं? : कदमतच्या प्रवाळांविषयी

कातळवेडी

नमस्कार मंडळी,

यंदा फेब्रुवारीत कदमतला सहा दिवस राहून आले. तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे, म्हणून हा धागा.

मी साताऱ्याची. आमच्याकडे जमीन म्हणजे काळा कातळ. तो आपल्या आधीपासून आहे आणि आपल्यानंतरही राहणार, याचा कधी विचारसुद्धा करावा लागत नाही. कदमतला पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर मूठभर वाळू घेतली आणि भिंगाखाली धरली. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे भिंग पिशवीत असतंच. त्या वाळूत एकही काळा कण नव्हता. प्रवाळाचे झिजलेले तुकडे, शिंपल्यांच्या कपच्या, फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची इवलीशी कवचं, हॅलिमेडा नावाच्या शैवालाचे चुन्याचे पापुद्रे. प्रत्येक कण कधीतरी कुणाच्या तरी शरीराचा भाग होता. बेट नऊ-साडेनऊ किलोमीटर लांब, रुंदी सहाशे मीटरच्या आत, उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर. नदी नाही, टेकडी नाही, आणि या पांढऱ्या चुन्याशिवाय दुसरा दगड नाही. विहिरीला गोडं पाणी लागतं, तेही वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी. खालच्या खाऱ्या पाण्यावर ते तरंगत राहतं.

म्हणजे इथली जमीन कुणीतरी बांधली आहे, आणि ती बांधणारा जीव बोटाच्या नखाएवढाही नाही. प्रवाळाचा एक पॉलिप म्हणजे एक छोटी पिशवी, तिला वर एक तोंड आणि तोंडाभोवती शुंडकांचं कडं. पिशवीच्या तळाशी तो समुद्रातल्या पाण्यातून चुना काढून स्वतःसाठी वाटी तयार करतो. मग थोडा वर सरकतो आणि जुन्या वाटीवर नवी बांधतो. शेजारचा पॉलिपही तेच करतो. वरचा जिवंत थर काही मिलिमीटरचा, खाली सगळं पूर्वजांचं बांधकाम.

एवढं काम करायला ताकद कुठून येते? पॉलिपच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देतं. अनेक प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज यातून भागते. बदल्यात शैवालाला घर मिळतं, शिवाय पॉलिपच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या मलमूत्रातलं नत्र मिळतं. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूचाच.

तिसऱ्या दिवशी लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्याच्या, बाहेरच्या कडेला नेलं. वरून निळं-हिरवं पाणी पाहून वाटतं, खाली सगळं रंगीत असणार. काही भाग तसा होताही. ॲक्रोपोरा नावाच्या एका टेबलाएवढ्या प्रवाळाखाली लाल सोल्जरफिशचा थवा सावलीला उभा होता. एक क्लाउनफिश आपल्या समुद्रफुलातून बाहेर येऊन माझ्या मास्कच्या काचेपर्यंत धावली आणि परत शुंडकांत शिरली. पण पुढे गेल्यावर लांबच लांब उतार करड्या मोडक्या काड्यांनी भरलेला दिसला, काड्यांवर शेवाळी. मी सोबतच्या मुलाला विचारलं. तिथलाच, तिशीचा असेल. तो म्हणाला, हे २०२४ चं. त्या उन्हाळ्यात आधी सगळं पांढरं झालं होतं, इतकं पांढरं की पाहुणे म्हणायचे, किती सुंदर! तो म्हणाला, मला त्यांना काही सांगता आलं नाही.

आपण प्रवाळांबद्दल बोलतो ते एक ‘बघण्यासारखी गोष्ट’ म्हणून. कदमतमध्ये मला पहिल्यांदा कळलं की तिथल्या लोकांच्या घराखालची जमीन ही एक चालू असलेली क्रिया आहे. लाटा रोज थोडं झिजवतात, जीव रोज थोडं बांधतात. बांधणारे थांबले तर झीज काही थांबत नाही.

कुणाला माहिती, अनुभव, प्रश्न असतील तर जरूर लिहा.

---

शिंपला

फार आवडलं. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध प्रश्न: पांढरं होणं म्हणजे मरणं का?

---

कातळवेडी

नाही, आणि हा प्रश्न बाळबोध मुळीच नाही. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं. त्यातून पेशींना घातक अशी ऑक्सिजनची रूपं तयार व्हायला लागतात. मग पॉलिप त्या शैवालाला बाहेर टाकतो. पॉलिपचं स्वतःचं मांस पारदर्शक असतं, त्यामुळे खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. तेव्हा तो जिवंत असतो, पण उपाशी. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं, रंगही परत येतो. नाही निवलं तर पॉलिप उपासमारीने मरतो आणि थोड्याच दिवसांत सांगाड्यावर शेवाळ चढतं. मला दिसलेल्या करड्या काड्या म्हणजे ही शेवटची पायरी.

---

बसाल्ट

धाग्याचं शीर्षक वाचून आत आलो आणि तुम्ही साताऱ्याच्या निघालात, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. भूशास्त्र हा माझा विषय.

तुमचा काळा कातळ आणि कदमतचा पांढरा चुना यांचं नातं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग एका तप्तस्थळावरून, म्हणजे खालून सतत लाव्हा वर येणाऱ्या जागेवरून, सरकत होता. त्या काळात जे लाव्हाचे थर पसरले तेच आपलं दख्खनचं पठार, सह्याद्री, अजिंठा, रायगड, सगळं. भारत उत्तरेकडे सरकत राहिला, तप्तस्थळ जागच्या जागी. त्यामुळे समुद्राच्या तळावर दक्षिणेकडे ज्वालामुखींची एक रांग उमटत गेली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी ती पाण्याखालची डोंगररांग. तेच तप्तस्थळ आज रेयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. लक्षद्वीपच्या उत्तर भागाखालचं कवच नेमकं कसलं, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण रांगेची ही एकूण गोष्ट बहुतेकांना मान्य आहे.

आता पुढचा भाग डार्विनचा. १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजातून तो हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर गेला होता. कंकणाकृती बेटं कशी होतात, याचं त्याचं उत्तर असं: आधी ज्वालामुखीचं बेट असतं आणि त्याच्या काठाने प्रवाळ वाढतं. ज्वालामुखी थंड होऊन हळूहळू खचतो, पण प्रवाळाला प्रकाश हवा असतो, म्हणून ते खचण्याच्या वेगाने वर वर बांधत राहतं. शेवटी मधला डोंगर पूर्ण बुडतो आणि उरतं ते फक्त कडं, मध्ये उथळ लगून. हे पुस्तक १८४२ चं. पुरावा मिळायला एकशे दहा वर्षं लागली. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक बेटावर खोल भोकं पाडली, तेव्हा हजार मीटरहून जास्त प्रवाळाचा चुना लागला आणि त्याखाली चक्क बसाल्ट.

नखाएवढ्या जीवाने किलोमीटरभर जाडीची इमारत उभी केली, खालचा पाया बुडत असताना. तुमचं ‘चालू असलेली क्रिया’ हे वर्णन भूशास्त्राच्या दृष्टीनेही तंतोतंत आहे.

---

कातळवेडी

@बसाल्ट, अंगावर काटा आला. मी तिथे बसून आमचा कातळ आठवत होते आणि खाली त्याचाच भाऊबंद होता! हे उद्या वर्गात सांगणार.

---

आईचीशाळा

माझी लेक नऊ वर्षांची. तिला धागा वाचून दाखवला. तिचे दोन प्रश्न: १) मग प्रवाळ हे झाड, प्राणी की दगड? २) आजीच्या अंगठीतलं पोवळं यातलंच का?

---

निळाई

पहिल्याचं उत्तर: प्राणी. जेलीफिश आणि समुद्रफूल त्याचे नातेवाईक. मात्र त्याच्या पोटात शैवाल राहतं आणि तो दगड बांधतो, त्यामुळे तिच्या तिन्ही शब्दांत तथ्य आहे.

दुसऱ्याचं उत्तर थोडं आश्चर्याचं आहे. दागिन्यातलं लाल पोवळं परंपरेने भूमध्य समुद्रातून येतं. तो वेगळा प्राणी. अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढतो, त्याच्या पेशींत शैवाल नसतं आणि तो रीफ, म्हणजे प्रवाळाची भिंत, बांधत नाही. त्याचा सांगाडाच लाल असतो. रीफ बांधणाऱ्या प्रवाळाचा सांगाडा मात्र पांढरा. मराठीत दोघांना एकच शब्द असल्याने घोटाळा होतो. म्हणून मी स्वतः रीफवाल्याला ‘प्रवाळ’ आणि अंगठीतल्याला ‘पोवळं’ म्हणते.

---

प्रश्नचिन्ह

लेख चांगला आहे, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. प्रवाळं कोट्यवधी वर्षं आहेत. त्यांनी हिमयुगं पाहिली, समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खालीवर झालेली पाहिली. बसाल्ट म्हणतात तसं ती बुडत्या डोंगरावरही टिकली. मग एका उन्हाळ्याने इतकं घाबरायचं कारण काय? जंगलात वणवा लागतो, पुन्हा हिरवं होतं. तसंच हे नाही का?

---

निळाई

अगदी योग्य शंका. वणव्याचंच उदाहरण पुढे नेते. वणव्यानंतर जंगल परत येतं, पण दोन वणव्यांमध्ये पुरेशी वर्षं गेली तर. लक्षद्वीपमध्ये मोठी विरंजनं (प्रवाळ पांढरं पडण्याच्या घटना) झाली ती १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये. दोन घटनांमधलं अंतर बघा: बारा वर्षं, सहा वर्षं, आठ वर्षं. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे अभ्यासक १९९८ पासून अगत्ती, कदमत आणि कवरत्तीची तीच तीच ठिकाणं पुन्हा पुन्हा मोजत आले आहेत. सुरुवातीला तिथे सुमारे ३७ टक्के तळ जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. चोवीस वर्षांनी तो २० टक्क्यांच्या खाली आला. हे २०२४ च्या आधीचं मोजमाप आहे. प्रवाळ सावरायला लागतं, पण त्याला किमान सहा शांत वर्षं हवीत, असं त्यांना दिसलं.

आणि २०२४ चं संकट लक्षद्वीपपुरतं नव्हतं. २०२३ पासून सुरू झालेल्या चौथ्या जागतिक विरंजनात जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त रीफ क्षेत्राला घातक उष्णता सोसावी लागली. पूर्वी एक रीफ भाजली तर शेजारच्या रीफवरून प्रवाळाच्या अळ्या, म्हणजे तरंगती पिल्लं, वाहत यायच्या. आता शेजारीही भाजलेला.

दुसरी गोष्ट म्हणजे पुन्हा प्रवाळच उगवेल याची खात्री नसते. जमैकाचं उदाहरण बघा. तिथे शेवाळ खाणारे मासे आधीच खूप पकडले गेले होते, ते काम काळे सी अर्चिन (गोल, काटेरी समुद्री जीव) करत होते. १९८३-८४ मध्ये रोग आला आणि ते जवळजवळ सगळे मेले. खाणारं कुणी उरलं नाही, शेवाळ माजलं. १९७७ मध्ये पन्नास टक्क्यांच्या वर असलेलं जिवंत प्रवाळ १९९३ पर्यंत पाच टक्क्यांच्याही खाली गेलं.

---

दर्यावर्दी

निळाईंनी शेवाळ खाणाऱ्यांचा विषय काढला आहे, तर पोपटमाशाबद्दल लिहितो. मी गेली बारा वर्षं डायव्हिंग करतो आणि पाण्याखाली सगळ्यात जास्त वेळ याच्याच मागे घालवला आहे.

नाव चोचीवरून पडलंय. पुढचे दात एकमेकांना जुळून पोपटासारखी चोच होते. रीफवर श्वास रोखून थांबलात तर तुम्हाला त्याचं खाणं ऐकू येतं, कर्रऽ कर्रऽ असं, दगडावर कानस चालवल्यासारखं. तो शेवाळासाठी सांगाडा खरवडतो, घशातल्या दुसऱ्या दातांच्या जात्यात चुना दळतो, पचवायचं ते पचवतो आणि उरलेलं बारीक पांढरं पीठ मागून सोडतो. हीच वाळू. मालदीवमधल्या वक्कारू बेटावर अभ्यासकांनी हिशेब केला, तर तिथल्या रीफवर तयार होणाऱ्या नव्या वाळूचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग पोपटमाशांचा निघाला. कातळवेडी, तुमच्या मुठीतल्या वाळूतले बरेच कण कुणाच्या पोटातून गेलेले असणार!

शेवाळ खरवडलं की दगड मोकळा होतो आणि त्यावर प्रवाळाची नवी अळी बसू शकते. म्हणजे हा मासा दोन कामं करतो: एकीकडे बेटाला वाळू पुरवतो, दुसरीकडे नव्या प्रवाळासाठी जागा साफ करतो. रात्री यातल्या काही जाती स्वतःभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणून आत झोपतात. टॉर्चच्या उजेडात ते दृश्य एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

लक्षद्वीपची मोठी जमेची बाजू अशी, की तिथली मुख्य मासेमारी रीफवरची नाहीच. ती कुप्याची, म्हणजे ट्यूनाची, तीही गळ-काठीने, खोल पाण्यात. मूळची मिनिकॉयची पद्धत, १९६० च्या दशकापासून इतर बेटांवर पसरली. आमिषाचे बारीक मासे तेवढे लगूनमधून घेतात. त्यामुळे पोपटमासे आणि गोबरे बऱ्यापैकी शिल्लक राहिले आणि १९९८ नंतर रीफ सावरू शकली. आता बाहेरच्या बाजारात रीफवरच्या माशांना मागणी वाढते आहे. मला उन्हाच्या खालोखाल भीती वाटते ती याची.

---

कातळवेडी

@दर्यावर्दी, तो कर्रऽ आवाज मी ऐकला होता! मला वाटलं माझ्याच मास्कमध्ये काही बिघाड आहे, म्हणून दोनदा वर येऊन मास्क काढून पाहिला.

---

तारकर्लीचा

लक्षद्वीप लांब राहिलं, आमच्या मालवणातही प्रवाळ आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर आहे. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. इथलं प्रवाळ लक्षद्वीपसारखं बेट बांधत नाही, खडकावर धरून वाढतं. पावसाळ्यात गढूळ आणि गोडं पाणी आणि वर लाटांचा मार, हे सगळं ते सोसतं. मला त्याचं फार अप्रूप आहे.

माझे आजोबा मासेमारी करायचे. लहानपणी होडीतून खाली बोट दाखवून म्हणायचे, “थंय दगड फुलतत. थंय पाय देव नको.” त्यांना प्रवाळ हा शब्दही माहीत नव्हता.

आता तिथे पर्यटकांच्या होड्या येतात, आणि त्यावर आमची कितीतरी घरं चालतात, तेव्हा त्या बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण गेल्या हंगामात माझ्यासमोर एका होडीने नांगर थेट फुललेल्या दगडावर टाकला. ओढताना परातीएवढा तुकडा निघाला. तेवढं वाढायला किती वर्षं लागतात ते या धाग्यावरच्या जाणकारांनी सांगावं. नांगर टाकायची गरज पडू नये म्हणून कायमचे बोये बांधता येतात, होडी त्यालाच अडकवायची. येणाऱ्यांनी एवढंच करा: होडीवाल्याला आधीच सांगा, आम्हाला प्रवाळावर उभं करू नका, पाव टाकून मासे गोळा करू नका. गिऱ्हाईक बोललं की ऐकतात.

---

शिंपला

सनस्क्रीनने प्रवाळ मरतं असं वाचलं होतं. ते खरं का?

---

निळाई

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही त्यातली रसायनं प्रयोगशाळेत प्रवाळाला घातक ठरली आहेत. हवाईने ती असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून थांबवली. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घातला की प्रश्नच मिटतो. पण खरं मारतं आहे ते तापलेलं पाणी, हे नजरेआड होऊ देऊ नका.

---

सागरगोटा

मला एक कबुली द्यायची आहे. १९९४ च्या रामेश्वर यात्रेत वडिलांनी एका टपरीवरून पांढऱ्या प्रवाळाचा मोठा गुच्छ घेतला होता. आजही तो आमच्या काचेच्या कपाटात आहे. हा धागा वाचल्यापासून त्याच्याकडे बघवत नाही. काय करावं?

---

निळाई

तेव्हा ते सर्रास विकलं जायचं, तुमच्या वडिलांचा दोष नाही. २००१ मध्ये रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रकाकड्या आणि मोठा ट्रायटन शंखही त्याच वेळी संरक्षित झाले. आता हे उचलणं, विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा. जुन्या वस्तूबद्दल तुमच्या जिल्ह्याच्या वन विभागाच्या कार्यालयात विचारा. परस्पर कुणाला देऊ किंवा विकू नका.

तुम्ही रामेश्वरचं नाव काढलंत म्हणून सांगते. तिथून तुतिकोरिनपर्यंत मन्नारच्या आखातात २१ बेटं होती. चुना आणि बांधकामासाठी तिथलं प्रवाळ वर्षानुवर्षं खणून नेलं. त्यातली दोन बेटं, विलांगुचल्ली आणि पूवरसनपट्टी, पाण्याखाली गेली. लाटा अडवणारी भिंत काढून घेतली आणि मागची जमीन वाहून गेली. मूळ लेखातलं वाक्य, बांधणारे थांबले तरी झीज थांबत नाही, त्याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

---

प्रश्नचिन्ह

निळाई, दर्यावर्दी, आभार. माझी वणव्याची तुलना अपुरी होती, मान्य. मी लाखो वर्षांचा काळ आणि माणसाचं आयुष्य एकाच मापाने मोजत होतो. प्रवाळ म्हणून जात कुठेतरी तगेलही, पण कदमतच्या विहिरीतल्या गोड्या पाण्याला तेवढी वाट बघता येणार नाही.

---

आईचीशाळा

धागा वर काढते आहे. गेल्या आठवड्यात लेकीला घेऊन जामनगरजवळ नराराला जाऊन आलो. कच्छच्या आखातातलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की प्रवाळ बघायला पोहावं लागत नाही, वाटाड्याबरोबर चालत जायचं. जाड तळव्याचे बूट हवेतच, आणि वाटाडा सांगेल तिथेच पाय ठेवायचा. आम्हाला ऑक्टोपस, खेकडे, एक पफरफिश आणि गोनिओपोरा नावाचं प्रवाळ दिसलं. गोनिओपोराचे पॉलिप दिवसासुद्धा बाहेर असतात, फुलांच्या ताटव्यासारखे. पाणी जरा हललं की सगळा ताटवा मिटतो. लेक तिथून हलेना.

तिथे एक मोठा गोल पोरायटिस (दगडासारखं घट्ट वाढणारं प्रवाळ) होता. आम्ही हात न लावता वरून ओढणी धरून मोजला, साधारण १२० सेंटिमीटर रुंद भरला. तिला त्याचं वय हवं आहे. कुणी सांगेल का?

---

कातळवेडी

किती छान मोजलंत! पोरायटिस सगळ्या बाजूंनी वाढतो, म्हणून रुंदीची निम्मी घ्यायची, ६० सेंटिमीटर. वर्षाला तो साधारण सेंटिमीटरभर वाढतो, कच्छसारख्या कठीण जागी कदाचित त्याहूनही कमी. तेव्हा साठ वर्षं तरी नक्की धरा. @तारकर्लीचा, तुमच्या परातीचा हिशेबही असाच करता येईल.

---

आईचीशाळा

सांगितलं तिला. तिची आजी ६२ ची आहे. आता ती दगडाला ‘आजीचा धाकटा भाऊ’ म्हणते आणि पुढच्या वर्षी त्याला परत मोजायला जायचं आहे.